घरच्या आंब्याचे लाकूड आणि टिकाऊ सामान

बांधावरील जुना रायवळ आंबा वठला अथवा वादळाने उन्मळून पडला, की बहुधा तो जळणाच्या भावाने विकला जातो. नाहीतर त्याचा ओंडका अंगणात पडून पहिल्याच पावसाळ्यात कुजू लागतो. दोन-तीन पिढ्यांनी जपलेल्या झाडाचा असा शेवट होणे हे घराचे नुकसान होय. आंब्याचे लाकूड हलक्या प्रतीचे समजून खोक्यांपुरते वापरण्याची आपल्याकडे रूढी आहे. तथापि याच लाकडाची मेजे व कपाटे जोधपूरचे कारागीर बनवितात आणि ती परदेशी जातात. मग आपल्याकडे ते का टिकत नाही, याचे कारण ते कापण्याच्या व वाळविण्याच्या रीतीत शोधले पाहिजे.

आंब्याच्या लाकडात पिष्टमय पदार्थ असतात. त्यांवर भुंगेरे व बुरशी पोसतात. ओल्या ओंडक्यात बुरशीचे काळे डाग लवकर पसरतात. म्हणून विलंब हाच या लाकडाचा पहिला शत्रू समजावा.

तोड व कापणी : महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंब्याचा समावेश आहे, यास्तव करवत लावण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीच्या आरंभी करावी. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना लगेच जाड रंग अथवा मेण लावावे. कारण टोकांतून ओल झपाट्याने निघून जाते व चिरा पडतात. शक्य तितक्या लवकर ओंडक्याच्या फळ्या पाडाव्यात. अगदी मधला गाभा फळीत येऊ देऊ नये. तेथूनच फळी फाटते. वापराच्या मापापेक्षा फळी थोडी जाड ठेवावी, म्हणजे आटून व रंधून माप बरोबर येते. आंब्याचा चीक व भुसा काहींच्या अंगावर उठतो. तेव्हा नाकातोंडावर फडके बांधावे.

किडीपासून संरक्षण : १०० लिटर कोमट पाण्यात ३ किलो टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, व २ किलो बोरिक आम्ल विरघळवावे. ओल्या फळ्या त्यात दोन दिवस बुडवून ठेवाव्यात व नंतर कागद किंवा ताडपत्रीने झाकून दोन-तीन आठवडे एकमेकींवर रचून ठेवाव्यात. ओल असेपर्यंत औषध आत शिरते. उरलेले पाणी जनावरांच्या वा विहिरीच्या जवळ ओतू नये. हे औषध पावसाने धुऊन जाते. यासाठी असे सामान घरातच वापरावे.

वाळवणी : छपराखाली, जमिनीपासून दीड फूट उंचीवर फळ्यांची थप्पी रचावी. प्रत्येक थरामध्ये दोन-दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या घालाव्यात व सर्व थरांतील पट्ट्या एकाच ओळीत येतील असे पाहावे. वरती दगड ठेवावेत. उन्हात वाळविण्याची घाई केल्यास फळ्या वाकतात. फळी वाळली की नाही हे हाताने ओळखू नये. एक फळी वेगळी ठेवून दर आठवड्यास तोलावी; वजन घटणे थांबले म्हणजे ती भोवतालच्या हवेइतकी वाळली. अधिक खात्री हवी असल्यास लहान तुकडा तोलून भट्टीत पूर्ण सुकवावा. तो आधी ५६० ग्रॅम व नंतर ५०० ग्रॅम भरला, तर ६० ग्रॅम पाणी, म्हणजे १२ टक्के ओल. देशावर एवढी ओल सामानास योग्य. कोकणात ती थोडी अधिक राहते.

सामान बनविताना : लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटते, आणि ही हालचाल लांबीत नव्हे तर रुंदीत होते. म्हणून मेजाची फळी चौकटीस सर्वत्र खिळ्यांनी जखडू नये. स्क्रूची भोके लांबट ठेवावीत. पाय जमिनीच्या ओलीपासून जपावेत व सर्व बाजूंस, तळासही, तेल किंवा वार्निश द्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावच्या सुतारास बरोबर घेऊन एका ओंडक्यापासून आरंभ करावा. आजोबांनी लावलेल्या आंब्याच्या मेजावर नातवंडे अभ्यासास बसली, तर त्या झाडाचे सार्थक झाले असेच म्हणावे लागेल.