परदेशातून इथे घर घेताना

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारकांना महाराष्ट्रात सदनिका, दुकान किंवा कार्यालय विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. मात्र एवढे लक्षात ठेवा :

• काय घेता येत नाही : शेतजमीन आणि फार्महाउस. वारसाहक्काने आलेली शेती ठेवता येते.

• पैसे : बँकेमार्फत किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातूनच. परकीय चलनातली रोकड चालत नाही.

• टीडीएस : विक्रेता निवासी आणि किंमत ५० लाख रुपये वा अधिक असेल, तर १ टक्का. विक्रेताही अनिवासी असेल, तर कपात बरीच जास्त. आधी कर सल्लागाराला विचारा.

• मुखत्यारपत्र : तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

• कागदपत्रे : नव्या इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. जुन्या घरासाठी सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका आणि सोसायटीची थकबाकी पाहा.

• विकल्यावर : कर भरून एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते.