शेवटच्या नळापर्यंत

बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीत चेंबरलेन चौक आहे आणि त्या चौकात टोकदार कळसाचं, गॉथिक धाटणीचं एक दगडी कारंजं आहे. १८८० साली ते उभं राहिलं, तेव्हा ज्यांच्या नावाने ते बांधलं ते जोसेफ चेंबरलेन हयात होते. त्यावरच्या शिलालेखात त्यांनी या शहराच्या केलेल्या सार्वजनिक सेवेबद्दल कृतज्ञता कोरली आहे. राजेरजवाड्यांची आणि सेनापतींची स्मारकं गावोगाव असतात. घरोघरी गॅस आणि पाणी पोचवण्याची व्यवस्था लावणाऱ्या महापौराची आठवण वाहत्या पाण्याने जपणारं स्मारक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचा निवृत्त पाणीपुरवठा अभियंता. हल्ली मुलीकडे, बर्मिंगहॅमच्या हार्बर्न भागात राहतो. घरात वारी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. वडील सांगायचे, काम नीट कर, करवून घेणारा तो आहे. नोकरीत असताना हे वाक्य मला धीर द्यायचं. पण एक अख्खं शहर याच श्रद्धेवर आपली नगरपालिका उभी करू शकतं, हे मला इथे आल्यावर कळलं. इथे त्या विचाराला ‘सिव्हिक गॉस्पेल’ म्हणतात. गावाचा कारभार चोख चालवणं हीच ईश्वराची सेवा, असा त्याचा सारांश.

व्यासपीठावरून पालिकेत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं, धुराचं आणि दाटीवाटीच्या चाळींचं गाव होतं. कितीतरी लोक मैल्याने बाटलेल्या विहिरींचं पाणी पीत. पालिकेचे काही सदस्य ‘वुडमन’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात बसून कारभाराच्या गोष्टी ठरवत आणि कर वाढू न देणं हाच त्यांचा पराक्रम असे. प्रतिष्ठित माणसं पालिकेच्या वाऱ्याला उभी राहत नसत. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

ते बदलायला सुरुवात केली धर्मोपदेशकांनी. जॉर्ज डॉसन १८४४ साली इथे आले, तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. मूळ चर्चच्या चौकटीत त्यांचे विचार मावेनात, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्यासाठी वेगळं प्रार्थनामंदिर बांधलं. ते १८४७ मध्ये सुरू झालं. तिथे येणाऱ्याला कुठलाही ठरावीक मतपंथ मान्य करावा लागत नसे. २६ ऑक्टोबर १८६६ रोजी शहराचं सार्वजनिक संदर्भग्रंथालय उघडलं, त्या दिवशीचं डॉसन यांचं भाषण आजही इथे सांगितलं जातं. पालिकेने लोकांच्या पैशातून लोकांसाठी पुस्तकं घेणं हे अत्यंत पवित्र काम आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा सगळा भर ‘आपल्या सगळ्या लोकांसाठी’ यावर होता. गाव म्हणजे घरांचा ढीग नव्हे, माणसाच्या नीतीचं जितंजागतं शरीर आहे, असं ते मानत.

कार्स लेन चर्चचे रॉबर्ट विल्यम डेल त्याहून रोखठोक. १८५४ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच चर्चमध्ये राहिले. आपल्या श्रोत्यांना ते सांगत, की भक्ती रविवारपुरती ठेवू नका. मतदान, वॉर्डाची सभा, शाळा मंडळाचं काम, सांडपाण्याची योजना हीही देवाने सोपवलेली कामं आहेत, ती टाळणारा आपल्या धर्मात कमी पडतो. ते स्वतः शहराच्या शाळा मंडळावर निवडून गेले. हेन्री क्रॉस्की हे युनिटेरियन धर्मगुरू तिसरे. त्यांच्याच मंडळीत एक तरुण कारखानदार होता, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा. तोच जोसेफ चेंबरलेन.

नफा गॅसचा, पाणी लोकांचं

चेंबरलेन १८६९ मध्ये पालिकेत गेले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर झाले. तीन वर्षांत त्यांनी दोन खासगी गॅस कंपन्या आणि पाण्याची कंपनी शहराच्या ताब्यात आणली. त्यांनी केलेला एक भेद मला माझ्या धंद्यातला माणूस म्हणून फार मोलाचा वाटतो. गॅसमधून पालिकेने नफा मिळवावा आणि तो शहरावर खर्च करावा, पण पाण्यावर नफा कमवायचा नाही, कारण पाणी ही जगण्याची गरज आहे. गॅसच्या उत्पन्नाच्या बळावर पुढे शहराचं कलादालन उभं राहिलं. १८८५ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीत गॅस खात्याची कचेरी आणि चित्रांची दालनं एकाच छपराखाली होती.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मनाला घर करून राहते. पहिली पत्नी १८६३ मध्ये बाळंतपणात गेली. दुसरी फेब्रुवारी १८७५ मध्ये, तीही बाळंतपणातच. म्हणजे पाण्याची आणि गॅसची कामं ऐन भरात असताना या माणसाचं घर ओस पडलं. त्यानंतर त्यांची ईश्वरावरची श्रद्धा उरली नाही. काम मात्र थांबलं नाही. मी श्रद्धावान माणूस आहे, आणि मला यात देवाचा पराभव दिसत नाही. ज्याने आपल्यावरचा विश्वास गमावला त्याच्याही हातून देव गल्लीबोळात स्वच्छ पाणी पोचवतो, असं मला वाटतं. ईश्वराचा हात कुणाच्या हातात आहे हे ठरवताना त्या माणसाची जपमाळ तपासू नये.

त्याच वर्षी पुण्यात

चेंबरलेन महापौर होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. जोतीराव ‘निर्मिका’ला मानत. सगळ्या माणसांना निर्माण करणारा एकच आहे, म्हणून त्याने दिलेल्या गोष्टींवर सगळ्यांचा सारखा हक्क, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी आधी घरात आचरला होता: १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पुढे १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बर्मिंगहॅममध्ये पाणी शहराच्या मालकीचं होत होतं, त्याच सुमारास.

न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजातले. इतिहासाच्या उलथापालथीतही त्यांना ईश्वरी योजना दिसे. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढताना सार्वजनिक जीवनाला अध्यात्माचं अधिष्ठान हवं, असं त्यांनी उद्देशपत्रिकेतच लिहून ठेवलं.

आपल्या मातीतला प्रश्न मात्र बर्मिंगहॅमहून बिकट होता. तिथे पाणी घाण होतं, इथे स्वच्छ पाण्यालाही जातीची भिंत होती. महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने केला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. ठराव कागदावर होता. तो तळ्यापर्यंत नेणारे पाय लागले.

आटे मोजणारा माणूस

पाणीपुरवठ्यात सगळ्यात महत्त्वाचं काम करतो तो व्हॉल्व्हमन. आमच्याकडे एक वयस्क व्हॉल्व्हमन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पहाटे सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून निघायचे. चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी बसवायची, ‘पांडुरंग’ म्हणायचं आणि आटे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा, अगदी हळू. घाईने उघडला तर लाइनीतली हवा अडकते आणि जुना पाइप फुटतो. व्हॉल्व्ह उघडला की बहुतेकांचं काम संपतं. अण्णा मात्र तिथून सायकल दामटत वस्तीच्या टोकाला, शेवटच्या सार्वजनिक नळापाशी जायचे आणि तोटीखाली हात धरून उभे राहायचे. तळहातावर धार पडल्याशिवाय त्यांच्या वहीत ‘पाणी सोडले’ अशी नोंद होत नसे.

मी नवीन होतो. विचारलं, “अण्णा, रोज कशाला जाता एवढ्या लांब?”

“साहेब, टाकीजवळच्या घराला पाणी मिळतंच, त्याला माझी गरज नाही. माझी नोकरी या नळासाठी आहे.”

पुढे एका आषाढीच्या तोंडावर आमची मुख्य लाइन रात्री फुटली. दुसऱ्या दिवशी मराठवाड्याकडून येणाऱ्या दिंड्यांचा मुक्काम गावात होता. पाइप जुना एसी, म्हणजे सिमेंटचा, आणि त्या मापाचा सीआयडी जॉइंट, म्हणजे असे पाइप जोडणारा बिडाचा सांधा, स्टोअरमध्ये शिल्लक नव्हता. कंदिलाच्या उजेडात आम्ही चिखल उपसत होतो. मध्यरात्रीनंतर एक निवृत्त फिटर आपणहून आले, हातात गोणपाटात गुंडाळलेला जॉइंट आणि रबरी रिंगा. जुनी लाइन बदलताना निघालेला तो जॉइंट भंगारात जाऊ न देता, तेलपाणी करून, त्यांनी पंपहाउसच्या माळ्यावर ठेवला होता. नळ अवेळी गेला तशी त्यांना शंका आली आणि ते उठून आले. उजाडताना लाइन सुरू झाली. दिंड्या आल्या तेव्हा पाणी होतं.

त्या पहाटे मला देवाचा हात दिसला, असं मी आजही म्हणतो. तो चमत्कारात नव्हता. कुणी बघत नसताना, कुणी सांगितलं नसताना, एका माणसाने लोखंडाचा एक तुकडा गावासाठी जपून ठेवला, त्या जपण्यात तो होता. देव वेळेवर धावून येतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो फार आधी, कुणाच्या तरी चोख कामात येऊन बसलेला असतो.

बुडालेली मंदिरं

या श्रद्धेला एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. आपण देवाचं काम करतो असं एकदा वाटलं, की त्या कामाखाली कोण चिरडलं जातंय हे दिसेनासं होतं.

बर्मिंगहॅमला पाणी कमी पडू लागलं तेव्हा पालिकेने वेल्समधल्या एलान खोऱ्यात धरणं बांधली. १८९२ मध्ये कायदा झाला, २१ जुलै १९०४ रोजी राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते उद्घाटन झालं. अभियंता जेम्स मॅन्सर्घ यांची ही योजना पाहून मी थक्क झालो. सुमारे ११८ किलोमीटरचा जलमार्ग, एवढ्या अंतरात फक्त ५२ मीटरचा उतार, कुठे पंप नाही. पाणी नुसत्या उताराने, साधारण दीड दिवसात शहराशी पोचतं. पण त्या खोऱ्यातली सुमारे शंभर माणसं घरातून उठवली गेली. घरं, शाळा, चर्च, बाप्टिस्टांचं प्रार्थनामंदिर पाण्याखाली गेलं. नुकसानभरपाई जमीनमालकांना मिळाली, कुळं आणि मजूर तसेच राहिले. शहरातही कॉर्पोरेशन स्ट्रीटसाठी गरिबांच्या वस्त्या पाडल्या, त्या मानाने त्यांना नवी घरं फारच थोडी मिळाली.

हे वाचताना मला उजनी आठवत होतं. आमच्या गावाला पाणी त्याच धरणाचं. उन्हाळ्यात जलाशय आटला की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक ते बघायला जातात. ज्यांचं ते ग्रामदैवत होतं त्यांची गावं खाली गेली, म्हणून माझ्या नळाला पाणी आलं. त्यांचं देणं मी कुठल्या रजिस्टरात लिहिलं नाही, पण ते आहे.

म्हणून सार्वजनिक कामात ईश्वराचा हात आहे की नाही, हे ओळखायला मी अण्णांचीच कसोटी लावतो. टाकीजवळ उभं राहून काही कळत नाही. शेवटच्या नळाशी जावं लागतं. जिथे ओळख नाही, वशिला नाही, जात-धर्म विचारला जात नाही, तिथपर्यंत धार पोचली तर तो हात खरा. आणि ज्याचं घर या कामात गेलं तोही त्याच शेवटच्या नळावरचा माणूस आहे, त्याचा वाटा आधी.

आजचं बर्मिंगहॅम

सप्टेंबर २०२३ मध्ये याच महापालिकेने पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली. लोकांच्या सेवांना कात्री लागली. नातीला घेऊन मी ग्रंथालयात जातो, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोलताना डॉसन यांचे ते ‘सगळे लोक’ हटकून मनात येतात. हँड्सवर्थच्या सोहो रोडवर गुरू नानक निष्काम सेवक जत्थ्याचा गुरुद्वारा आहे. तिथला लंगर कुणालाही खुला असतो. तिथे मी पोळ्या लाटणाऱ्या आयाबाया आणि भांडी घासणारे तरुण पाहिले आहेत. त्यांच्यात आणि डेल यांच्यात मला अंतर वाटत नाही.

पण लंगराने नळयोजना होत नाही, हेही तितकंच खरं. गावाची जबाबदारी गावाने कर भरून, हिशोब मागून, माणसं निवडून उचलायची असते. म्हणून माझं वाचकांना मनापासून सांगणं आहे. आपल्या वॉर्डाची सभा होत असेल तर जा. नसेल तर ती घ्या म्हणून अर्ज द्या. अर्थसंकल्पात आपल्या भागाच्या पाण्याला, शाळेला, गटाराला किती तरतूद आहे ते वाचा. आणि वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एखाद्या घरी जाऊन विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं. देवळात जितक्या श्रद्धेने जातो तितक्याच श्रद्धेने हे करा. पांडुरंग युगानुयुगे विटेवर उभा आहे, तो भक्ताची वाट पाहत. त्याला भेटायचं तर आपल्यालाही थोडं चालावं लागेल, आणि त्यातली काही पावलं नगरपालिकेच्या दाराकडे जातात.