दहावीनंतरची शाखा कोण ठरवते?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. बुद्धविहारात खुर्च्या मांडल्या जातात, पाहुणे बोलावले जातात, मुलांच्या हाती गुलाबपुष्प, प्रमाणपत्र आणि वह्यांचा संच दिला जातो. फोटो निघतात, ते वर्तमानपत्रात येतात. हे सर्व चांगलेच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण गेल्या अनेक वर्षांत अशा कार्यक्रमांना जाऊन आम्ही एक गोष्ट पाहिली. ते मूल आता अकरावीला कोणत्या शाखेला जाणार, का जाणार आणि तेथून पुढे कुठे पोहोचणार, हा प्रश्न व्यासपीठावरचा एकही पाहुणा विचारीत नाही. सत्कार संपतो, मंडप उतरतो आणि पंधरा-सोळा वर्षांचे ते मूल आयुष्यातला एक मोठा निर्णय एकट्याने घ्यायला मोकळे होते. खरे म्हणजे ते निर्णय घेतच नाही. त्याच्यासाठी तो दुसरेच कुणीतरी घेते.

शिरूर आणि दौंड या भीमेच्या दोन अंगांना वसलेल्या तालुक्यांचेच उदाहरण घेऊ. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला येणाऱ्या लाखो बांधवांना हा भाग परका नाही. स्तंभापासून नगर रस्त्याने पुढे निघाले की कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि मग रांजणगाव, अशी कारखान्यांची रांगच लागते. तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि दौंड हे तर रेल्वेचे जुने जंक्शन. म्हणजे काम आमच्या दारात आले. प्रश्न असा की त्या दारातून आमची मुले कोणत्या कामाला आत जातात?

वकिलीच्या निमित्ताने या भागातील कामगार आमच्याकडे येतात. कुणाचा पगार थकलेला असतो, कुणाला एका दिवसात कामावरून कमी केलेले असते, कुणाचा भविष्यनिर्वाह निधी ठेकेदाराने भरलेलाच नसतो. कागद पाहिले तर बहुतेकांची नोंद मदतनीस, लोडिंग, कॅन्टीन, हाउसकीपिंग अशी, आणि तीही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. शिक्षण विचारले तर बरेचदा उत्तर येते, ‘बारावी आर्ट्स.’ आर्ट्स का घेतले, असे विचारले तर उत्तर येते, ‘गावाजवळ तेच होते.’

येथे गैरसमज नको. कला शाखा कमी दर्जाची आहे असे आम्ही म्हणत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भाषा हे विषय समजून-उमजून घेतलेला विद्यार्थी स्पर्धा परीक्षा देतो, वकील होतो, पत्रकार होतो, प्राध्यापक होतो. समाजाला अशा माणसांची गरज आहे. दोष शाखेचा नाही, न निवडता शाखेत जाऊन पडण्याचा आहे.

मग निवडतो कोण? पहिली निवडते एस.टी. सकाळची गाडी जिथे थांबते आणि संध्याकाळी जिथून परत मिळते, तेथलेच कॉलेज ‘चांगले’ ठरते. न्हावऱ्याकडच्या किंवा पाटस-वरवंडच्या आतल्या वस्तीवरच्या मुलीच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कडक. दुसरी निवडते फी. कला शाखेची तुकडी अनुदानित आणि विज्ञानाची विनाअनुदानित, असे चित्र ग्रामीण भागात अनेक ठिकाणी दिसते. त्यात प्रयोगाचा आणि शिकवणीचा खर्च धरला की शेतमजूर बाप हात टेकतो. तिसरा निवडतो मित्र. तो जिकडे जाईल तिकडे आपण. आणि चौथा निवडतो सल्ला देणारा.

या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. दौंड तालुक्यातील एका मजुराची मुलगी गणितात आणि विज्ञानात उत्तम गुण घेऊन पास झाली. ती ज्या शाळेत शिकली तेथे तिच्या आईला सांगण्यात आले, ‘कशाला सायन्सच्या नादी लागता? झेपणार नाही. आर्ट्सला घाला, स्कॉलरशिप मिळेल, घरचे कामही होईल.’ सांगणारा माणूस वाईट नसेलही. पण तेवढेच गुण मिळवलेल्या बागायतदाराच्या मुलाला त्याच खोलीत ‘सायन्सच घे’ असे सांगितले जाते, हे आम्ही पाहिले आहे. आणि स्कॉलरशिप तर दोन्ही शाखांना मिळते!

‘झेपणार नाही’ हा शब्द नवा नाही, त्याचा फक्त वेश नवा आहे. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते, तेव्हा त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची होती. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली आणि ती घेऊनच ते १९०७ साली मॅट्रिक झाले. म्हणजे ज्या महामानवाने पुढे देशाची घटना लिहिली, त्यालाही हायस्कुलात आपला विषय निवडता आला नव्हता. पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा मात्र त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय आपल्या मनाने घेतला आणि त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही अभ्यासले. नंतर लंडनला एकीकडे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध आणि दुसरीकडे बॅरिस्टरी. नाकारलेली संस्कृतही ते आपल्या प्रयत्नाने शिकले. एका विषयावर पक्की पकड, पण बाकीची दारे उघडी, असा हा अभ्यास होता. आज घटनेच्या कलम २९(२) मुळे शासनाच्या मदतीवर चालणारी कोणतीही संस्था केवळ जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही. म्हणून आज कुणी ‘देणार नाही’ म्हणत नाही, ‘झेपणार नाही’ म्हणतो. पहिल्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. दुसऱ्याविरुद्ध घरात माहिती असावी लागते.

आता दुसरी बाजू पाहू. ‘पुस्तकी शिक्षण काय कामाचे, मुलांना लवकर हाताचे कौशल्य द्या,’ असे हल्ली सगळेच सांगतात. नवीन शैक्षणिक धोरणातही (२०२०) सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख सांगितली आहे. हे ऐकताना आपण सावध असले पाहिजे, पण आंधळा विरोधही करता कामा नये. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली होती. प्राथमिक शाळेतील मुलांनी थोडा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा. चांभाराच्या मुलाने चप्पल शिवावी, धोब्याच्या मुलाने कपडे धुवावे, याला शिक्षण म्हणायचे! पेरियारांच्या चळवळीने त्याला ‘कुलशिक्षण’ म्हणून झोडपले आणि १९५४ मध्ये ती योजना रद्द झाली. त्या धंदेशिक्षणाचा अर्थ होता बापाची जात मुलाच्या हातात देणे.

पण याच शिरूर तालुक्यात पाबळला याच्या नेमके उलट उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली या कोरडवाहू गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे तयार झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने मान्य केला आणि तो आठवी ते दहावीला अनेक शाळांतून शिकवला गेला. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हाताने काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या नामवंत संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅबही उभी राहिली.

यात महत्त्वाचे काय? चारही विभाग सर्व मुलामुलींनी करायचे. पाटलाच्या मुलानेही वेल्डिंग करायचे आणि आमच्या मुलीनेही, आणि गणित-विज्ञान कुणाचेही सुटत नाही. उलट हाताने केल्यामुळे ते पक्के होते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना शाळेत शेतीचे आणि व्यवहाराचे ज्ञान हवे असे सांगितले, तेव्हा त्यांनाही शिक्षणाला पर्याय नको होता, शिक्षणाला धार हवी होती. म्हणून आमची कसोटी सोपी आहे. कौशल्याचा विषय सर्वांना असेल आणि त्यापुढचा रस्ता उघडा राहणार असेल तर तो घ्यावा. तो फक्त ‘त्या’ वस्तीच्या मुलांना सुचवला जात असेल आणि पुढचा रस्ता बंद करणारा असेल तर नाकारावा. आणि मुलींना यंत्रकाम झेपत नाही म्हणणाऱ्यांनी दौंड तालुक्यातील केडगावला जावे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी निराधार स्त्रिया छापखान्यात खिळे जुळवीत होत्या आणि पुस्तके छापीत होत्या.

रस्ता बंद कसा होतो, याचे आणखी एक उदाहरण. काही वर्षांपूर्वीपर्यंत नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ असा सोपा पर्याय होता. कच्च्या मुलांना पास होता यावे, हा त्यामागचा हेतू. पण तो घेतलेल्या मुलाला पुढे गणिताचा रस्ता राहत नसे, हे घरी कुणी सांगितले नाही. चौदाव्या वर्षी घेतलेली सवलत अठराव्या वर्षी कुंपण झाली. म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे, की मुलाला गणित अवघड जात असेल तर त्याची तयारी वाढवा, विषय सोडण्याची घाई करू नका.

आता थोडी व्यवहाराची माहिती, कारण माहितीअभावीच आमचे नुकसान होते. विज्ञान शाखेतून पुढे कला किंवा वाणिज्याकडे वळता येते. कला शाखेतून वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे वळता येत नाही. वैद्यकीयसाठी जीवशास्त्र आणि अभियांत्रिकीसाठी गणित हवे, म्हणून विज्ञानातही विषयांचा गट विचारपूर्वक ठरवावा. अकरावी टाळून दहावीनंतर थेट तीन वर्षांचा तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा करता येतो आणि डिप्लोमाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचे आय.टी.आय. केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. रांजणगाव-कुरकुंभच्या परिसरातील मुलांसाठी ही शिडी मोलाची आहे. ठेकेदाराचा हजेरीपट आणि कंपनीचा हजेरीपट यांत बरेचदा एवढ्याच कागदाचे अंतर असते. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन करता येतो.

पैशाचे म्हणाल तर अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते त्या काळापासून चालत आली आहे. ती अकरावीपासून, सर्व शाखांना मिळते. पण तिचा एक नियम लक्षात ठेवा. बारावी कला करून मग पुन्हा अकरावी विज्ञान करायचे म्हटले तर त्याच टप्प्यासाठी दुसऱ्यांदा शिष्यवृत्ती मिळत नाही. चुकलेली शाखा दुरुस्त करायची तर स्वतःच्या खिशातून. श्रीमंताच्या मुलाला हा नियम लागत नाही, कारण त्याला शिष्यवृत्तीची गरज नसते. शिवाय २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो, तेव्हा मुलाचे खाते आणि आधार जोडणी दहावीतच करून ठेवावी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अकरावी व पुढील विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात जाऊन आधीच समजून घ्याव्यात.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाईन झाले आहेत. म्हणजे शिरूर-दौंडच्या मुलालाही आता घरबसल्या दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरता येतो, आणि अनुसूचित जातींच्या तेरा टक्के जागा कागदावर दिसतात. पण हा पसंतीक्रम भरतो कोण? नेट कॅफेवाला! तो समोरच्या गर्दीच्या घाईत जवळच्या कॉलेजची नावे टाकतो आणि मुलगा घरी येतो. पूर्वी एस.टी. निवडत होती, आता नेट कॅफे निवडतो, एवढाच काय तो फरक.

म्हणून आमचे प्रत्येक विहार समितीला, प्रत्येक जयंती मंडळाला एकच सांगणे आहे. जूनमधल्या सत्काराआधी डिसेंबरमध्ये एक रविवार द्या. नववी-दहावीच्या सर्व मुलामुलींना पालकांसह विहारात बसवा. वस्तीतला डिप्लोमा झालेला मुलगा, परिचारिका झालेली मुलगी, रेल्वेतला कर्मचारी, तलाठी, वकील, शिक्षक यांना समोर बसवा आणि प्रत्येकाने फक्त एवढेच सांगावे, की मी दहावीनंतर काय घेतले आणि त्याने कोणते दार उघडले, कोणते बंद झाले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते यांची यादी भिंतीवर लावा. जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आताच शोधून ठेवा. आणि जूनमध्ये पसंतीक्रम भरताना मुलाच्या शेजारी वस्तीतला एक शिकलेला माणूस बसवा. जयंतीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या शंभराव्या हिश्शात हे काम होते.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. त्यानंतर त्याच संस्थेने वाणिज्याचे आणि कायद्याचेही महाविद्यालय काढले. आपल्या मुलांपुढे सर्व दारे उघडी असावीत, हा त्यामागचा विचार. ‘शिका’ हा त्यांचा आदेश आपण भिंतीवर लिहिला. पण काय शिकायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि आपण फक्त शिकायचे, असा त्या आदेशाचा अर्थ नाही. येत्या डिसेंबरात आपल्या विहारात तो रविवार ठरला आहे का, हे प्रत्येकाने आपल्या समितीला विचारावे. जयभीम.