अ‍ॅपची स्क्रीन बनवायची कशी? जुनं एक्सएमएल की नवं जेटपॅक कंपोझ?

किराणा मागवायच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही कांदे, बटाटे, साखर टाकता. वरच्या पिशवीवर आकडा दिसतो २, आणि कार्ट उघडली तर आत वस्तू ३! अशी गडबड पुष्कळदा स्क्रीन बनवण्याच्या पद्धतीतून येते.

अँड्रॉइडची जुनी पद्धत अशी: स्क्रीनचा आराखडा एक्सएमएल फाइलमध्ये लिहायचा आणि जावा किंवा कोटलिनच्या कोडमधून त्यातला एकेक भाग शोधून बदलायचा. पिशवीवरचा आकडा शोध, तिथे ३ लिही. ‘पैसे भरा’ बटण शोध, ते चालू कर. माहिती एकीकडे, स्क्रीन दुसरीकडे आणि दोन्हींचा मेळ घालायचं काम डेव्हलपरच्या गळ्यात. एक जागा विसरली की घोळ झालाच. डेटा बाइंडिंगसारख्या सोयींनी हे ओझं हलकं केलं, पण संपवलं नाही.

डिक्लेरेटिव्ह पद्धतीत “कार्टमध्ये इतक्या वस्तू असतील तर स्क्रीन अशी दिसेल” एवढंच लिहून ठेवायचं. वस्तू वाढली की तिच्यावर अवलंबून असलेला भाग टूलकिट स्वतःच पुन्हा रंगवतं. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या फेसबुकच्या रिअ‍ॅक्टने ही कल्पना वेबवर रुळवली. २०१९ मध्ये अ‍ॅपलने स्विफ्टयूआय आणि गूगलने जेटपॅक कंपोझ जाहीर केलं. कंपोझची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली.

मग सगळं सोडून कंपोझच घ्यायचं का? नवं अ‍ॅप असेल आणि टीमला कोटलिन येत असेल, तर हो. कंपोझ फक्त कोटलिनमध्येच लिहिता येतं. निव्वळ जावावर चाललेल्या टीमला आधी भाषा शिकावी लागेल, आणि हा खर्च लहान नाही.

दुसरी अडचण वेगाची. जुने व्ह्यू फोनच्या सिस्टिममध्येच असतात. कंपोझ मात्र अ‍ॅपसोबत येतं, म्हणून अ‍ॅपचं वजन थोडं वाढतं. कोड निष्काळजीपणे लिहिला तर गरज नसलेले भागही पुन्हा पुन्हा रंगवले जातात आणि स्वस्त फोनवर यादी सरकवताना झटके बसतात. मात्र डीबग बिल्डवरून कंपोझला संथ ठरवू नका, ती मुळातच हळू चालते. रिलीज बिल्ड साध्या फोनवर तपासा.

सात-आठ वर्षं चाललेलं मोठं अ‍ॅप एका झटक्यात नव्याने लिहिणं म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन बदलणं. त्याची गरजही नाही. जुन्या स्क्रीनमध्ये कंपोझचा तुकडा बसवता येतो आणि कंपोझमध्ये जुना व्ह्यूही. त्यामुळे नवी स्क्रीन कंपोझमध्ये, जुनी आहे तशी, असं कित्येक टीम करतात. नोकरी शोधणाऱ्यांनीही म्हणूनच कंपोझ आधी शिकावं, पण एक्सएमएल वाचता येईल इतकं तरी ठेवावं. पहिल्याच आठवड्यात हातात येणारा बग बहुधा जुन्या फाइलमधलाच असतो.