न दुखणारी गाठ

जे दुखते तेच दुखणे, अशी आपल्याकडच्या बायकांची समजूत आहे. कंबर धरली तर बाम चोळतील. पण जे दुखतच नाही त्याच्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढणार? आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. सारा घात इथेच होतो.

आमच्या इमारतीत धुणेभांडी करणाऱ्या बायकांशी मी या विषयावर बोलले. घरातली पुरुष मंडळी बाहेर पडली, तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या. "आमच्या घराण्यात कुणाला नव्हता," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "चार पोरं अंगावर पाजली, मला कसला होतोय?" तिसरी म्हणाली, "बाई, निघालाच तर? कामाचे खाडे, औषधाचा खर्च, आणि नवऱ्यानं टाकलं तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं."

पहिल्या दोघींची समजूत अपुरी आहे. अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. आणि हा रोग झालेल्या बहुतेक बायकांच्या घराण्यात तो पूर्वी नसतोच. तिसरीचे बोलणे मात्र अडाणीपणाचे नाही. तो रोजच्या मिळकतीचा हिशेब आहे.

या हिशेबाला थोडेफार उत्तर मुंबईतच मिळाले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. यंत्र नाही, डॉक्टर नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास तयार केलेल्या बायकांनी हातांनी तपासले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग फार पुढे गेल्यावर सापडण्याचे प्रमाण इतर वस्त्यांत ४७ टक्के, तर इथे ३७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

लवकर सापडलेल्या गाठीचे उपचार सोपे, आणि खाडेही कमी. तेव्हा गृहिणींनो, या दिवाळीत कामवालीला साडी द्याल, तिच्याबरोबर एक भरपगारी रजा द्या. गाठ, कातडीला पडलेली खळी, स्तनाग्रातून रक्त, यांपैकी काही आहे का, हे तिला आडोशाला विचारा. असेल तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि हेच प्रश्न स्वतःलाही विचारा.