चपलानेट ते सांबा: फाइलींची धमाल!

कळंबोलीचा लोखंड बाजार. त्यातलं एक ऑफिस डोळ्यांसमोर आणा. अकाउंटंटकडे विंडोज आणि टॅली, शेठच्या मुलापुढे चकाचक मॅकबुक, कोपऱ्यात घुमणारा लिनक्सचा सर्व्हर. तीन मशीन, तीन तऱ्हा! फाइल हवी? काढा पेनड्राइव्ह, पळा!

या पळापळीलाही नाव आहे, माहीत आहे का? स्नीकरनेट! बुटांवर चालणारं नेटवर्क. आपण चपलानेट म्हणू. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ वाला असेल, तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही. गोदामाचं सीसीटीव्ही फुटेज दारातच अडकलं!

मग नेटवर्कवरून फाइल पाठवायची जुनी रीत, एफटीपी? तिचा पहिला आराखडा १९७१ मध्ये कोणी लिहिला, माहीत आहे का? अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी! पण साधं एफटीपी पासवर्डसुद्धा पोस्टकार्डासारखा उघडा पाठवतं. त्याला मानाचा नमस्कार करू, पण ऑफिसात नको.

मग तिघांना एकत्र नांदवणार कोण? एसएमबी. नेटवर्कवर फाइली वाटून घ्यायची, १९८३ मध्ये आयबीएमच्या बॅरी फायगनबॉम यांनी घडवलेली भाषा. विंडोजची ती जणू मायबोली. ॲपलनेही २०१३ मध्ये आपला जुना हट्ट सोडून एसएमबी२ ला पहिली पसंती दिली. लिनक्सचं काय? त्याच्याकडे सांबा आहे. शोलेतला सांभा नव्हे हं!

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांच्या या प्रोग्रॅमचं आधीचं नाव ट्रेडमार्कच्या कचाट्यात सापडलं. पठ्ठ्याने कॉम्प्युटरच्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. सॅमनबेरीही निघाली होती. थोडक्यात वाचलो!

नावांवरून आठवलं. ट्रान्सपोर्टवाल्यांनो, कन्साइनमेंटसाठी इंग्रजीत 'सीओएन' एवढ्याच नावाचं फोल्डर विंडोजवर करून बघा. होतच नाही! डॉसच्या काळात हे नाव कीबोर्ड आणि स्क्रीनसाठी राखून ठेवलं होतं. आरक्षण अजून कायम.

आता जरा गंभीर. एसएमबी निवडा, पण पहिली आवृत्ती बंद ठेवा. कोपऱ्यातला जुना स्कॅनर तिच्यासाठी हट्ट धरेल, ऐकू नका. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या व्हायरस तिच्यातल्या भोकाचाही फायदा घेत जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर आडवे झाले आणि आपल्या शेजारच्या जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प! कळंबोलीहून ट्रेलर जातात ना, तेच बंदर. पुढे कंपनीला १० दिवसांत ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

आणि मर्स्कला वाचवलं कोणी, माहीत आहे का? घानातल्या वीज जाण्याने! लाइट गेली म्हणून तिथला, नेटवर्कचा नकाशा आणि परवानग्या सांभाळणारा एक सर्व्हर नेटवर्कबाहेर होता; त्या प्रकारातला तोच धडधाकट राहिला. त्यातला डेटा इंटरनेटवरून पाठवायला कित्येक दिवस लागले असते. मग एकाने हार्ड डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, दुसऱ्याने तिथून लंडनला.

चपलानेट, हो!