पाण्यातली प्रतिजैविके मोजणारे चुंबकी नॅनोकण

मोजायचे कशासाठी?

स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी तिथे येत होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, प्रक्रियेनंतरही त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. ते पाणी ओढ्यांमार्गे मांजरा नदीत जात होते. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते.

एवढे मोठे प्रमाण सहज सापडते. मात्र प्रतिरोधी जिवाणूंना वाव मिळू नये म्हणून संशोधकांनी २०१६ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरला अवघे ६४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शिवाय नदीच्या पाण्यात गाळ, क्षार आणि कुजलेल्या पाल्यातली ह्यूमिक आम्लेही असतात. म्हणून औषध आधी वेचून एकवटावे लागते. हे काम चुंबकी नॅनोकण करतात.

कण कसले?

हे कण मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे असतात आणि बहुधा १० ते २० नॅनोमीटरचे. चुंबक जवळ आणला की ते खेचले जातात, दूर नेला की त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते; त्यामुळे ते पुन्हा पाण्यात मोकळे पसरतात. त्यांच्यावर सिलिकाचा थर देतात आणि त्यावर औषधाचे रेणू धरून ठेवणारे रसायन किंवा पॉलिमर बसवतात.

प्रत्यक्ष कृती

सॅम्पल गडद रंगाच्या बाटलीत घेतात, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिन उजेडात विघटित होते. पाणी गाळून, आम्लता जुळवून त्यात या कणांची काळी पूड टाकतात आणि हलवत ठेवतात. मग बाटलीला बाहेरून निओडिमियमचा चुंबक लावतात. काळपट पाणी हळूहळू निवळते आणि सगळे कण काचेच्या एका बाजूला चिकटतात. पाणी ओतून दिले की थोड्या आम्लयुक्त मिथेनॉलने कणांवरचे औषध सोडवून घेतात. अर्ध्या लिटरमधले औषध अर्ध्या मिलिलिटरमध्ये पूर्णपणे उतरले, तर ते हजारपट दाट होते. शेवटचे मोजमाप द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर होते. गाळणीसारख्या नेहमीच्या कार्ट्रिज गढूळ पाण्याने तुंबतात. इथे ती अडचण येत नाही.

आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

टेट्रासायक्लिनसारखी औषधे लोहाला घट्ट धरतात आणि नीट सुटत नाहीत. म्हणून सॅम्पलमध्ये ठरावीक प्रमाणात औषध मुद्दाम मिसळून त्यातले किती परत मिळते ते पाहतात. सोबत ब्लँक, म्हणजे औषध नसलेल्या शुद्ध पाण्याचा नमुनाही तपासतात.

अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा असेल, तर पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे तिला ओळखता येणारे किमान प्रमाण, जरूर विचारा. ती लिटरला ५०० नॅनोग्रॅम असेल, तर ६४ नॅनोग्रॅमच्या प्रश्नाला त्या अहवालाने उत्तर दिलेलेच नाही. नदीकाठच्या माणसांना हे उत्तर मिळालेच पाहिजे.